खाट नसलेलं घर

मुलगी पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिचं व्हिडिओ गेमचं यंत्र आमच्या महाडच्या घरी, टीव्हीखाली ठेवून गेली. "तिकडे खोलीत जागा नाही, आणि आता वेळही नाही," म्हणाली. मी त्याच्यावर विणलेला रुमाल घातला. आमच्याकडे एखादी वस्तू वापरातून गेली की तिच्यावर रुमाल येतो, आणि मग ती कायमची तशीच राहते. माझा मोठा भाऊ आमच्याकडे राहायला आला, तेव्हा त्याच्याबद्दलही मला हीच भीती वाटत होती.

दादाचं घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या आमच्या वाडीत होतं. जन्मभर त्याने ट्रक चालवला. ज्या दिवशी पावसात वाडीवर डोंगर आला, त्या दिवशी तो कशेडीत अडकला होता. घाटात दरड पडलेली, पुढेमागे गाड्यांची रांग. दिवसभर तो समोरची माती जेसीबीने उपसताना बघत बसला. ट्रकमधल्या स्टोव्हवर त्याने आजूबाजूच्या ड्रायव्हरांना चहासुद्धा करून दिला. त्याच दिवशी दुसरी दरड त्याच्या घरामागून खाली आली. घरात वहिनी होती.

नात्यात गोष्टी रंगवून सांगणारी म्हणून माझं नाव आहे. लग्नाच्या घरी मला मधोमध बसवतात आणि एकाची दोन करून सांगितलेलंही खपवून घेतात. पण ही गोष्ट मला एवढ्या वाक्यांपलीकडे कधी नेता आली नाही.

दादाने ट्रक विकला. मुलाकडे मुंबईला जायला तो तयार होईना, म्हणून आमच्याकडे आला. पुढे वाडीतल्या उरलेल्या लोकांना खालच्या माळावर नवी घरं मिळाली, एका ओळीत, एकसारखी. दादाच्या नावाचीही किल्ली आली. ती त्याने टीव्हीमागच्या खिळ्याला अडकवली आणि तिकडे फिरकला नाही. खुर्ची खिडकीपाशी होती, तो खुर्चीत होता. मी जेवायला हाक मारली की उठायचा. एवढंच.

दिवाळीला मुलगी आली, तिने रुमाल उचलला आणि खेळायला बसली. टीव्हीवर धुळीने भरलेला मुलूख, मोडकी घरं, गंजलेल्या गाड्या.

"हे कुठलं गाव?" दादाने विचारलं. त्या आठवड्यात तो आपणहून बोलला ते हेच पहिलं असावं.

"गाव नाही मामा. मोठं युद्ध होऊन जग संपलंय. आपण एकटे उरलोय. कुठेही हिंडायचं, सामान गोळा करायचं, माणसं भेटतील त्यांना वसवायचं," ती सांगून गेली आणि मग तिचं तिलाच कळलं. ती माझ्याकडे बघायला लागली. मी ताटातल्या करंज्यांकडे.

दादा हात पुढे करून म्हणाला, "दे हिकडं."

त्याचं खेळणं बघून मुलगी डोक्याला हात लावायची. समोरून बंदूकवाला आला की ती ओरडायची, "मामा, गोळी मार ना."

"कशाला? त्यानं काय केलंय माझं?"

तोपर्यंत त्या माणसाने याला मारलेलं असायचं. दादाचं त्यावर काही म्हणणं नसे. पुन्हा उठायचा, पुन्हा रस्त्याला लागायचा. रस्त्यातल्या प्रत्येक ट्रकपाशी थांबून वाकून बघायचा. "टायर गेलेला नाय, एक्सल शाबूत हाय. मग ह्यो गाडी आडवी टाकून गेला का? ड्रायव्हर पळाला तरी गाडी बाजूला घेऊन पळतो. ज्यानं हे केलंय त्याला सांग गो कोणीतरी."

सांगायला जागा होती. हा खेळ खेळणाऱ्या मराठी पोरापोरींचा फोनवर एक गट आहे. तिथे जो तो आपलं मत लिहितो. मुलगी पुण्याला परत जाताना मला त्यात घालून गेली. मी दुपारी आमच्या दुकानातून आले की ती मतं दादाला वाचून दाखवायचे. एकाचं म्हणणं, गोष्ट रटाळ आहे पण हिंडायला मजा येते. दुसऱ्याला हिंडणंच नको होतं. मैलोनमैल चाला आणि शेवटी सापडतो काय, तर रिकामा डबा. कोणी म्हणे, हरवलेल्या घरच्यांना शोधायचं काम खेळाने गळ्यात मारलंय, आम्हाला त्यांच्याशी काही देणंघेणं नाही. दादा ऐकून घ्यायचा. त्या शेवटच्यावर मात्र म्हणाला, "बारका असंल तो."

मलाही खेळून बघायची हौस आली. माझी बाई चार पावलं चालली की थांबायची. सामानाचं वजन जास्त झालं, असा फलक यायचा. दिसेल ती बाटली, बरणी, दोरा मी उचलत होते. घरात श्रीखंडाचे रिकामे डबे माळ्यावर रचून ठेवणारी बाई जगबुडीनंतर वेगळं काय करणार? गटावर मी मत लिहिलं की वजनाची अट काढून टाकावी. त्याला पुष्कळ अंगठे आले. माझ्या लिखाणाला मिळालेली ती आजवरची सगळ्यात मोठी दाद.

दादाने खेळातला एकच भाग मनापासून धरला: वस्ती उभारणं. लाकूड, पत्रे, दगड गोळा करून घरं बांधायची. मी बघत होते. पहिलं घर उताराला पाठ करून उभं राहिलं, दुसरं त्याच्या जरा खाली, तोंड त्याच्याकडे. मधे वाट. वाट वळते तिथे मोठा दगड त्याने तसाच ठेवला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या दगडावर आम्ही लहानपणी चिंचा ठेचायचो. तो वाडी बांधत होता. मी स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ नुसता नळ सोडून उभी राहिले.

घरं झाल्यावर तो प्रत्येक घराच्या मागे फिरून खटपट करायला लागला. आमच्याकडे डोंगराला लागून घर असलं की पावसाआधी मागच्या बाजूने चर खणतात, वरून येणारं पाणी भिंतीला न लागता बाजूने जावं म्हणून. खेळात माती खणायची सोय नाही. दादाने कुठूनशी लांबट चौकट शोधली, दगडांच्या दोन ओळी मांडल्या आणि घरामागून घरामागे चर नेला. त्या मुलखात पाऊस पडत नाही, फक्त धूळ उडते, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "पडत नाय ते आज."

मी वस्तीचा फोटो गटावर टाकला. पोरं कौतुकाने बोलली. एकाने विचारलं, मागे गटार कशाला काढलंय काका, या खेळात मागून काही येत नाही, डोंगर काय चालत येणार आहे का? खाली हसण्याचं चित्र. वाचून दाखवू नये असं मला वाटलं, पण जीभ पुढे गेली होती.

दादा शांतपणे म्हणाला, "त्याला लिव, येत नाय असंच आमी पण समजत होतो."

मी ते लिहिलं. 

पावसाळा तोंडावर आला आणि वाडीच्या पोलीस पाटलाचा फोन आला. फोन माझ्या मोबाइलवर होता, मी आवाज मोठा करून मधे ठेवला. "दादा, गौरी-गणपतीपर्यंत राहायला या बाबा. ओळीत तुमचंच एक घर काळोखात हाय. वरच्या वाडीतलं एक कुटुंब अजून पत्र्याच्या शेडात हाय. बाय लेकुरवाळी हाय. तुमी येणार नसाल तर घर त्यांना द्यायचं म्हनतायत."

"देऊ देत," दादा म्हणाला आणि खेळाकडे वळला.

मला हायसंही वाटलं नाही आणि वाईटही नाही. त्या घरात तो गेला नाही तर आमच्याकडेच राहणार होता, खिडकीपाशी. माझे यजमान म्हणायचे, राहू दे की, त्रास काय आहे त्याचा. त्रास काहीच नव्हता. तोच त्रास होता. घरातल्या माणसाचा थोडा तरी त्रास व्हावा लागतो.

दुसऱ्या दिवशी दुकानातून आले, तर टीव्ही बंद, दादा ताठ बसलेला, ताट झाकलेलं.

"काय झालं?"

"घरात बाय आलीय."

खेळाची रीतच तशी. वस्ती उभारली की कुठूनतरी माणसं येतात आणि मोकळं घर बघून राहतात. एक तपकिरी कपड्यांतली बाई आली होती आणि नेमकी वरच्या घरात, मोठ्या दगडाच्या वरच्या, दादा-वहिनीच्या घरात जाऊन झोपली होती. दादाने तिला बाहेर काढायची सगळी बटणं दाबून पाहिली होती.

"हे बरोबर नाय," तो म्हणाला. "ज्याला घर रिकामं ठेवायचं हाय, त्याला ठेवू द्यायला पायजे. लिव."

आमचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दोन ओळींची तक्रार पानभर करून देणं हा माझा हातखंडा. दादा सांगत गेला, मी लिहीत गेले. सवयीने वर "प्रति" आलं, "विषय : रिकामे घर रिकामे ठेवण्याची परवानगी मिळणेबाबत" आलं, आणि मग "उपरोक्त विषयास अनुसरून". दादाचं मूळ वाक्य शेवटी तेवढं राहिलं: बाकी खेळ चांगला आहे, रस्ते खरे वाटतात, पण गेलेल्या माणसाचं घर दुसऱ्याला द्यावं लागतं ही त्यातली मोठी खोट आहे. आपला नम्र.

गटावर हसू फुटलं. सोबत जातीचा दाखला जोडलाय का, असं एकाने विचारलं. अर्ज आवक-जावकला नोंदवून घ्या, दुसरा म्हणाला. मुलीचा पुण्याहून फोन आला, "आई, तिथे विषय लिहीत नाहीत गं." पण संध्याकाळी एका पोराने सरळ उत्तर दिलं. काका, सोपं आहे, खाट काढून टाका. माणूस खाट असेल तिथेच राहतो. खाट नसलेल्या घरात कोणी शिरत नाही.

दादाने लगेच खाट काढली. बाई बाहेर आली. घर रिकामं झालं. तो समाधानाने मागे टेकला.

पण ती बाई गेली नाही. दाराबाहेर अंगणात उभी राहिली. दादाने एक फेरी मारली, रस्ता बघितला, ट्रक बघितले, परत आला, ती उभीच. हात छातीशी धरून, घराकडे बघत. खेळातली माणसं तशीच उभी राहतात, त्यांना दुसरं काही येत नाही.

"ती उभीच हाय गो," दादा म्हणाला.

"खोटी आहे ती, दादा."

"खोटी हाय ते कळतंय मला. पन उभी हाय."

त्याने वस्तीच्या टोकाला तिच्यासाठी वेगळं घर बांधलं. त्याला मागे चर काढला. आत खाट ठेवली. बाई चालत गेली आणि आडवी झाली. दादाने रिमोट खाली ठेवला, उठला, टीव्हीमागे हात घालून किल्ली काढली.

"त्या शेडातल्या बाईचा विचार करतोयस का?" मी विचारलं. "तिला द्यायचं ठरलं?"

"बघून तर येऊ, कसलं घर हाय ते. न बघताच देऊ होय कोणाला?"

एसटीने पोलादपूर, पुढे रिक्षा. माळावर घरांची ओळ. प्रत्येकाच्या पुढ्यात काहीतरी वाळत घातलेलं, मिरच्या, गोधड्या. मधल्या एका घरापुढे नुसतं गवत. लोक बाहेर आले.  एका म्हातारीने दादाला म्हटलं, "आलास? तुझ्या गवताचे साप आमच्याकडं येतात रे." दादाने मान खाली घातली आणि हसला. मला तो हसलेला बघून रडू आलं, म्हणून मी चपला काढायला वाकले.

कुलूप गंजलं होतं, तेल आणावं लागलं. आत एक खोली, एक मोरी, सिमेंटचा वास. काहीच नव्हतं. दादा आत थांबलाच नाही. मागच्या दाराने सरळ घरामागे गेला. मीही गेले. मागे सपाट माळ, पुढे शेत, आणि डोंगर पार लांब, ढगात. तो बराच वेळ त्या डोंगराकडे बघत उभा राहिला. 

मग त्याने शेजाऱ्याकडून फावडं मागून घेतलं आणि घरामागे चर खणायला लागला.

"अहो, हितं पाणी कुठनं येणार?" शेजारी म्हणाला.

"असू दे," दादा म्हणाला.

त्या दिवशी तो माझ्याबरोबर परत आला नाही. शेजाऱ्यांकडे जेवेन म्हणाला, पथारी मागून घेतो म्हणाला. दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी मी दुकानात कोणाचा तरी उत्पन्नाचा दाखला टाइप करत होते, तेव्हा आला.

"बाय, तुझ्या माळ्यावर आपल्या आईची खाट हाय ना?"

"आहे. डबे आहेत तिच्यावर."

"डबे काढ आणि टेम्पोत घालून दे. आनि त्या शेडातल्या लोकांचं मी पाटलाला सांगितलंय, माझ्या मागची जागा मोकळी हाय, तिथं त्यांचं घर होतंय का बघा. मी कागदावर सही द्यायला तयार हाय. अर्ज तू लिव. पन लांबवू नको."

मी लांबवला नाही. विषय मात्र लिहिला, तिथे लिहितात.

आता दुपारी मीच कधीतरी खेळायला बसते. वजनामुळे माझी बाई अजूनही रस्त्यात अडते. फिरत फिरत दादाच्या वस्तीवर जाते. टोकाच्या घरात ती तपकिरी कपड्यांची बाई असते. मोठ्या दगडाच्या वरचं घर उघडं आहे, दार वाऱ्याने हलतं, आत कोणी नसतं. मी दाराशी उभी राहते आणि परत फिरते. तिथे मी खाट ठेवलेली नाही.