साडूंचं अबूय

माझे साडू माणसांपेक्षा जमिनीला जास्त भीत. नव्वदीच्या दशकात ते शारजात सर्व्हेअर होते. उंटांच्या चराईचा वाळवंटातला उंच माळ पायाखाली घालून त्याचे नकाशे काढायचे, ही त्यांची नोकरी. तरी सहलीला गेलो की सतरंजी अंथरण्याआधी वाळूला कान लावून म्हणणार, "इथे नको. इथे कोणीतरी आहे." बायका डबे हातात घेऊन ताटकळत. लेक पुटपुटे, "बाबा, नॉट अगेन." एकदा तर जागा बदलून बदलून शेवटी आम्ही बटाटेवडे गाडीतच खाल्ले. मी त्यांची यथेच्छ चेष्टा करी, पण खोटं कशाला बोलू, त्या वाळूवरून जाताना माझाही पाय जपूनच पडे.

त्या माळावरचं एक नाव त्यांनी स्वतः नकाशात घातलं होतं. गल्फात नवखे असताना एका उंटवाल्या म्हाताऱ्याला मोकळ्या वाळूकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, याला काय म्हणतात? तो म्हणाला, "अबूय." अबू धाबी असतं तसं हेही काहीतरी असेल, म्हणून साडूंनी लिहून टाकलं. पुढे काही वर्षांनी तिथून रस्ता न्यायचं ठरलं, तोही नेमका त्या नावावरून. मॅनेजर म्हणाला, "उधर तो कुछ है ही नहीं. नाम डिलीट करो, खलास." साडू खात्री करायला निघाले आणि सोबतीला मला ओढलं.

सकाळचं दाट धुकं होतं. त्यातून उंटांचा कळप आला, त्या वाळूपाशी आपोआप दुभंगला आणि पलीकडे पुन्हा एक झाला. कोणी हाकलत नव्हतं. मागून तोच म्हातारा आला. साडूंनी पुन्हा नाव विचारलं. "अबूय," म्हणत तो खाली बसला आणि वाळूवरून हात फिरवू लागला. आमचा पठाण ड्रायव्हर हलकेच म्हणाला, "साब, ये जगह का नाम नहीं है. बोलता है, मेरा बाप."

साडूंनी बूट काढले.

परतताना मी म्हटलं, "इतकी वर्षं चुकीचं नाव छापलंत, हे ऑफिसात सांगितलंत तर व्हिसा जाईल."

"जाऊ दे," ते म्हणाले. "आमचे बाबा गेले तेव्हा रजा मिळाली नाही. पोचलो तोवर अस्थीसुद्धा नदीत गेल्या होत्या. त्याला निदान हात फिरवायला जागा आहे."

ते जागेचं नाव नाही, तिथे त्या म्हाताऱ्याच्या बापाची कबर आहे, असं सांगून त्यांनी चूक कबूल केली. रस्ता वळला, साडूंची नोकरी गेली. ते पुण्याला परतले. मी अजून कधीमधी तिकडून जातो. वळण आलं की मला त्यांची फार आठवण येते, आणि गाडी मी हळू करतो.