ढाकलीचा माठ

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — कोण जाणे.

थळजवळ नारळाच्या वाडीत आमची राष्ट्रीय शाळा होती. सरकारी नोकरी सोडून आलेले एक गुरुजी आणि पाचवी ते सातवीची आम्ही जेमतेम डझनभर मुलं. छडी नव्हती. सूत कातायचं, भाजी लावायची, आणि शनिवारी मुलांची सभा — तिथे कुणीही काहीही बोलावं, शिक्षा नाही. पाण्याचा माठ सगळ्यांना एकच.

ढाकली माझ्या शेजारी बसायची. कातकऱ्यांची पोर, बाप रानात लाकडं जाळून कोळसा पाडायचा. माठ भरायची तिची पाळी असली की मी मुद्दाम सगळ्यांच्या आधी प्यायचे, तिला बरं वाटावं म्हणून. मैत्रीणच होती ती — म्हणजे, मी तसं म्हणत होते.

एक दिवस गुरुजी अलिबागला गेले असताना माझे काका शाळेत आले. ढाकली नुकतीच माठ भरून उभी होती.

"काय गं, ह्यातलं पानी पितेस तू?"

"न्हाय, काका."

"मग कोन पितं?"

हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? मार बसला असता, शाळा सुटली असती. मी म्हटलं, "तीच एकटी. तिचाच माठ हाय तो."

काकांनी तिला माठ उचलून कुंपणाबाहेर ठेवायला लावला. तिने ठेवला. माझ्याकडे पाहिलंही नाही. बाकीची मुलं — सगळी त्याच माठातलं पिणारी — खाली मान घालून सूत कातत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ढाकली आली नाही. शनिवारी गुरुजींनी सभेत विचारलं, "कुणी काही बोललं का तिला?" कुणीच तोंड उघडलं नाही. ते तिच्या झोपडीवर जाऊन आले. माणसं कोळशाच्या भट्टीवर निघून गेली होती. "कामासाठी गेले असतील," ते म्हणाले. मी मान डोलावली.

मी सातवी झाले. मास्तरीण झाले.

पुढे कितीतरी वर्षांनी मांडव्याच्या धक्क्यावर ती दिसली. डोक्यावर लाकडाची मोळी. तिनेच मला ओळखलं.

"बरी हायस ना?"

"बरी आहे," मी म्हटलं.

होडी सुटायला अजून बराच वेळ होता. तरी मी होडीत जाऊन बसले.