आक्काची पत्रं उकिरड्यात

माझ्या इमेलमध्ये रोज सकाळी फुकट्यांची जत्रा भरायची. प्लॉटवाले, टकलावर केस उगवून देणारे, शिवाय ‘आपली निवड झाली आहे’ असं कळवणारे. कशासाठी, ते कुणी सांगत नसे. एका रविवारी मी खासबागच्या घरात बायकोला प्रेक्षक म्हणून समोर बसवलं आणि फिल्टर लावायला घेतला. फिल्टर म्हणजे दारावरचा राखणदार. कुठला शब्द दिसला की पाहुण्याला बाहेर काढायचं, ते आपण त्याला शिकवायचं. बाहेर काढलेल्यांसाठी मी वेगळा फोल्डर केला आणि त्याचं नाव ठेवलं ‘उकिरडा’.

प्लॉटवाले सगळ्यांत चिवट. त्यांच्या जाहिराती कन्नडमधून येत आणि प्रत्येकीत कन्नड अक्षरांत ‘नमस्कार’ असे. मला कन्नडमधून लिहिणारं दुसरं आहे कोण? मी हुकूम सोडला: कन्नड अक्षरांतला नमस्कार दिसला की थेट उकिरडा. दुसऱ्या दिवशी इनबॉक्स सारवलेल्या अंगणासारखा. उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात तो मी प्रत्येकाला दाखवत फिरलो.

दीड महिन्यानं बायको फोन ठेवून माझ्याकडं वळली. “वन्सं म्हणत होत्या, साहेब लई मोठं झाल्यात. चार पत्रं घातली, एकाचं उत्तर न्हाय. आता पुन्हा लिहिणार न्हाय म्हणाल्या.”

वन्सं म्हणजे माझी थोरली बहीण, जांबोटीची आक्का. आमचा मुलूख दोन भाषांच्या सीमेवरचा, म्हणून वडिलांनी मला मराठी शाळेत घातलं आणि तिला कन्नड शाळेत, म्हणजे वारं कुठूनही आलं तरी घरात एक खिडकी उघडी. ती पुढं कन्नड शाळेतच शिक्षिका झाली. निवृत्तीनंतर मला इमेलनं पत्रं लिहायला लागली. भाषा अस्सल आमच्या घरची मराठी, अक्षरं कन्नड, कारण हात तिकडंच वळलेला. इतकी वर्षं वाचून मला ती पत्रं मराठीच वाटायची. अक्षरं कुठली हे ध्यानातच राहिलं नव्हतं.

उकिरडा उपसला. प्लॉटांच्या ढिगाऱ्याखाली चारही पत्रं निघाली. गाय व्यालीय, कालवड झालीय, नाव तू सुचव. आमच्याकडं लहानपणापासून गुरांची नावं ठेवणं हे माझं खातं. चौथ्या पत्रात लिहिलं होतं, ‘वासरू बिननावाचं हिंडतंय. तुला सवड नसंल तर तसं कळव.’ आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी, आईनं शिकवलेलं: थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

त्या नमस्कारानंच घात केला होता.

आक्काचं पत्र बंद होणं मला परवडणारं नव्हतं. पुढच्या रविवारी पहिली बस धरून जांबोटीला गेलो. आक्का गोठ्याच्या दारात उभी होती.

“कोण पाव्हणं म्हणायचं?”

“आक्का, तुझा नमस्कार नडला गं.”

“उभा राहून नीट सांग.”

मी उभा राहून, हातवारे करून, राखणदाराची नक्कल करून सगळं सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

“आणि माझी पत्रं कुठं होती म्हणालास?”

“उकिरड्यात.”

“व्हय?” ती कालवडीकडं वळली. “मग हिचं नाव ठरलं. उकिरडी.”

मी चंद्री, कपिला, अशी चांगली चांगली नावं काढून पाहिली. “तुझी पाळी गेली,” एवढं म्हणून ती चहा ठेवायला आत गेली. आतनं बराच वेळ तिच्या हसण्याचा आवाज येत होता.

परत आल्यावर मी राखणदाराला आक्काचा पत्ता पाठ करून दिला: या बाईंना कधीही अडवायचं नाही. बुधवारी पत्र आलं, थेट अंगणात. उकिरडी दावं तोडून दोनदा पळाली, भात बरं आहे, अशी सगळी खबर. आणि शेवटी, त्याच कन्नड अक्षरांत: थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, राखणदारास छडी.