बिनरिबिनीच्या गाई

माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचा पहिला निष्कर्ष असा होता, की गाईला जंताचं औषध दिलं नाही तर ती जास्त दूध देते. असा निष्कर्ष आजवर कुणी काढल्याचं मला वाचनालयात कुठेही आढळलं नाही. (तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.)

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. तालुक्याच्या शाळेतून निघाले ती थेट पुण्यात, येरवड्याला मामा-मामींच्या घरी. त्यांनी मला ठेवून घेतलं नसतं तर मी आज कुठे असते, कोण जाणे. त्यामुळे दुभत्या गाईंच्या जंतनिर्मूलनाचं अर्थशास्त्र हा विषय मिळाला तेव्हा वाटलं, चला, उपकार फेडायची सोय झाली. मामांचा गोठा घराच्या मागेच होता.

"औषधाचे पैसे दुधातून निघतात का न्हाई, एवढं सांग," मामा म्हणाले. "निघत असतील तर सगळ्यांना पाजतो."

प्रयोग सोपा होता. अर्ध्या गाईंना औषध द्यायचं, अर्ध्यांना नाही. बाकी चारा, पेंड, पाणी सगळ्यांना तंतोतंत सारखं. मग दुधातला फरक मोजायचा. पक्षपात नको म्हणून चिठ्ठ्या टाकल्या आणि औषधवाल्या गाईंच्या शिंगांना निळ्या रिबिनी बांधल्या. मामीची लाडकी चंद्री नेमकी बिनरिबिनीची निघाली.

"चिठ्ठी परत टाक," मामी म्हणाली.

"तसं करता येत नाही, मामी. शास्त्र आहे."

"लॉटरीला शास्त्र कधीपासून म्हणायला लागले?"

"तिला औषध दिलं नाही, तरच फरक कळेल."

"म्हंजे शेजारच्या गाईला औषध, आन् ही बिचारी नुसती बघत बसणार?"

"प्रयोग संपला की तिलाही देऊ."

मामी पेंडीचं घमेलं उचलून चालू लागली. मामी गप्प झाली की काळजी करावी, हे मला कळायला हवं होतं. (पण ते अभ्यासक्रमात नव्हतं.)

औषध पाजायचा मान मी हट्टाने मागून घेतला. मामांनी पहिल्या गाईचं तोंड वर धरलं, मी बाटली ओतली. गाईने औषध शांतपणे तोंडात घेतलं, थोडा विचार केला आणि सगळं माझ्या तोंडावर फवारलं.

"आता रिबीन तुलाच बांधतो," मामा म्हणाले.

त्यानंतर मी दूध मोजत राहिले. शेणाचे नमुने डब्यांत भरून बसने प्रयोगशाळेत नेत राहिले. (एकदा शेजारच्या बाईंनी "घरचं दही का?" असं कौतुकाने विचारलं. मी हो म्हणाले. त्या चव मागतील की काय, या भीतीने एक स्टॉप आधीच उतरले.) तपासणीत रिबिनवाल्यांचं पोट साफ दिसत होतं, बिनरिबिनवाल्यांच्या शेणात जंतांची अंडी तशीच. दूध मात्र बिनरिबिनवाल्यांचंच जास्त वाढलेलं. त्यातही चंद्री सगळ्यांच्या पुढे.

मी कोथरूडला माझ्या मार्गदर्शक सरांकडे धावले.

"सर, उलटंच होतंय."

"आपण माप तर उलटं धरत नाही ना?" सर म्हणाले. सर असेच बोलतात.

मला मात्र झोप लागेना. असं का होत असेल? थोडे जंत असले तर भूक वाढत असेल का? गाय जिद्दीला पेटत असेल का? मी वाचत गेले, लिहीत गेले आणि जंतांच्या संभाव्य उपयुक्ततेवर एक अख्खं प्रकरण तयार केलं. सरांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"हे असंच सादर केलंत तर आपल्याला पदवी मिळणार नाही, आणि मला तोंड दाखवता येणार नाही. उद्या मी गोठा बघायला येतो."

सादरीकरण आठवड्यावर आलं होतं. पदवीशिवाय गावी परत जाऊन आईला काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सर स्कूटरवरून येरवड्याला आले. कॉलेजची सकाळची बस पकडायला मी एरवी त्या वेळी घराबाहेर पडलेली असायचे, त्यामुळे मामीला पेंड घालताना मीही पहिल्यांदाच पाहत होते.

"सगळ्यांना सारखंच माप ना, बाई?" सरांनी विचारलं.

"एकच घमेलं. बघा की."

मामीने घमेलं भरलं, हाताने सपाट केलं आणि रिबिनवाल्या गाईपुढे ओतलं. मग तेच घमेलं चंद्रीसाठी भरलं. या वेळी त्यावर पर्वती उभी राहिली.

"हे माप तेच आहे?"

"घमेलं तेच हाय की."

"आणि वर हा डोंगर?"

"ती शीग. औषध न मिळालेल्याला शीग तरी नको व्हय?" असं म्हणत मामीने पदरातून गुळाचा खडा काढून चंद्रीच्या तोंडात दिला.

"आणि हे?"

"हातानं दिल्यालं मापात धरत न्हाईत, साहेब."

"तरीच पेंडीचं पोतं पुरंना," मामा म्हणाले. "मी उगाच उंदरांवर आळ घेतला."

सर माझ्याकडे वळले. "अभिनंदन. आपण जंतांना जे श्रेय दिलंत, ते सरकीच्या पेंडीचं निघालं."

मी वही मिटून घराकडे वळले. सर मात्र गोठ्यातून हलेनात. पोती किती संपली, पेंड काय भावाने आणली, असं मामांना विचारत बसले. मग तिथेच बादलीवर बसून आम्ही हिशोब मांडला. बिनरिबिनवाल्यांनी जास्त दिलेल्या दुधापेक्षा त्यांनी जास्त खाल्लेली पेंड महाग पडली होती. रिबिनवाल्यांनी त्याच सपाट मापावर पूर्वीपेक्षा जे थोडं जास्त दूध दिलं होतं, त्यातून औषधाचे पैसे निघून वर उरतही होते.

"औषध स्वस्त आहे," सर म्हणाले. "दया महाग आहे. जे घडलं ते जसंच्या तसं लिहा. आणि मामींचे नुसते आभार मानू नका, त्यांना संशोधनपद्धतीत घाला."

तसंच लिहिलं. परीक्षक हसले, त्यांनी बरेच प्रश्न विचारले आणि मला पास केलं. मामांनी सगळ्या गाईंना औषध पाजलं. गोठ्यात बिचारं म्हणावं असं कुणीच उरलं नाही, तेव्हा मामीने इकडे तिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर स्थिर झाली.

तेव्हापासून माझ्या ताटात भाताला शीग असते, वर तूप असतं, आणि हातावर दिलेला लाडू मापात धरायचा नसतो. परवा मामा माझ्या ताटाकडे बराच वेळ बघत होते.

"खर्च दिसतोय," ते म्हणाले. "दूध कुठं हाय?"

मी अजून नोकरीच्या मुलाखती देते आहे. तेव्हा या बाबतीतला निष्कर्ष तूर्त राखून ठेवला आहे.