मापाची वही आणि सरकारी नंबर

टेलरच्या दुकानात चिंध्या साठतात. त्या मी उशांत भरल्या. किस्सेही साठले. ते उशीत मावत नाहीत, म्हणून लिहितो.

मी चौथी शिकलो. हैदराबादच्या अंबरपेठेत चाळीस वर्षं दुकान चालवलं. शिक्षणाबद्दल एवढं पुरे.

दुकानात आम्ही दोघं. मी कापायचो, युसूफभाई शिवायचा. आणि एक वही. तिच्यात गिऱ्हाइकाचा नंबर, नाव, पत्ता, फोन असला तर फोन, आणि माप. माप मोठ्याने बोलायचं नाही, वही कोणाला दाखवायची नाही, हा नियम. मी बोटांनी खूण करायचो, युसूफभाई लिहायचा. तेव्हा रेडीमेडची दुकानं निघाली होती. काचेची, एसीची. निम्मं गिऱ्हाईक तिकडे गेलं. उरलेलं माझ्याकडे राहिलं ते या वहीमुळे. वही बाहेर गेली असती तर तेही गेलं असतं. हे मला आणि युसूफभाईला दोघांनाही ठाऊक होतं.

*

एका हेडक्लार्कची बायको आली. नवरा रोज पहाटे फिरायला जातो म्हणतो, तर कंबर किती उतरली, असं विचारू लागली. मी म्हटलं, वहीतलं सांगत नसतो. तिने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क आला. म्हणाला, "मास्टर, तुम्ही गप्प बसलात आणि माझं तूप बंद झालं."

*

मग सरकारने मतदारांना फोटोचं कार्ड द्यायचं काढलं. म्युनिसिपल शाळेत कॅमेरा लागला. सरकार आपला फोटो जपून ठेवणार म्हटल्यावर गल्लीतल्या प्रत्येकाला कोट हवा झाला.

दुकानात तयार कोट एकच होता. माधवराव नावाच्या गिऱ्हाइकाचा. ट्रायल देऊन तो दुबईला गेला, कोट राहिला. मी नको म्हणत होतो. युसूफभाई ऐकेना. कोट घेऊन तो कॅमेऱ्याजवळ दिवसभर उभा राहिला. एकाने उतरवला की दुसऱ्याने चढवायचा. सडपातळ माणूस आला की मागून टाचण्या. पैलवान आला की बटणं उघडी, वर हाताची घडी. संध्याकाळी फोटोवाल्याने विचारलं, ही सगळी मंडळी एकाच कंपनीत आहेत का?

दोन वर्षांनी माधवराव परत आला. परदेशात होता म्हणून त्याचं नाव यादीतून गेलं होतं. शेजाऱ्याचं कार्ड बघितलं, मग त्याच्या भावाचं, मग समोरच्या इस्त्रीवाल्याचं. माझ्याकडे येऊन बसला.

"मास्टर, मी मतदार नाही. माझा कोट मात्र गल्लीभर मतदार आहे!"

*

पुढे घरोघर माहिती गोळा करायचं निघालं. सगळं कंप्यूटरमध्ये जाणार होतं. हे काम शाळेच्या नरसिंग सरांवर आलं. तेलुगू माणूस, फार सज्जन. फॉर्ममध्ये एक रकाना होता, शरीरावरची ओळखीची खूण.

युसूफभाईच्या अंगावर एकच तीळ. तो कुठे आहे ते त्याने सरांना सांगितलं नाही. सरांनी दोनदा विचारलं. रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणाले.

युसूफभाई मशीनवरून न उठता म्हणाला, "लिख लेव सार. हमारी बीवी कू मालूम."

सर थकले होते. त्यांनी तसंच लिहिलं. आठ दिवसांनी कागद वरून परत आला. वर लाल शाईत शेरा होता, 'प्रत्यक्ष खात्री करून घ्यावी.'

सर तो कागद घेऊन दुकानात आले. बसले. चहा प्यायले. कागद घेऊन गेले.

*

त्या माहितीची यादी शाळेच्या भिंतीवर लागली. चूक असेल तर सांगा म्हणून. नाव, घर नंबर, वय. पुरुषांनी नावं बघितली. बायकांनी एकमेकींची वयं बघितली. पहिले दोन दिवस भिंतीपाशी जत्रा होती. पाण्याच्या नळावर दोन मैत्रिणींचं बोलणं बंद झालं. एकीच्या सुनेने सगळ्यांसमोर सासूचं वय वाचून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी नावं जागेवर, घर नंबर जागेवर, वयाचा रकाना गायब. वरपासून खालपर्यंत कापून नेलेला. नरसिंग सरांनी मला बोलावून विचारलं, हे काम कोणाचं? मी कड बघितली. एकदम सरळ. कुठे खाच पडली नव्हती. मी म्हटलं, सांगता येणार नाही.

घरी आलो. माझी कापडाची मोठी कात्री बोथट झाली होती. कागद कापला की कात्री अशी होते. बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. मी धार लावून आणली.

*

सगळ्यात मोठी गडबड नंबरांची झाली. रेशन कार्डाचा नंबर, मतदार कार्डाचा नंबर, गॅसचा नंबर, असे सगळे द्यायचे होते. आमच्या गल्लीत किशनराव म्हणून होता, सिकंदराबादला रेल्वेत नोकरी करून रिटायर झालेला. सरांनी नंबर विचारला. त्याने शर्टाची कॉलर उलटी केली. आत मी दोऱ्याने घातलेला माझ्या वहीतला नंबर होता, एकशे बारा. सरांनी सांगितलं, हा नव्हे. किशनराव म्हणाला, माझा हाच आहे, तीस वर्षांत बदललेला नाही. सरकारचे नंबर दर निवडणुकीला बदलतात.

सरांनी एकशे बारा लिहिलं. ते बघून बाकीच्यांनीही कॉलरी उलट्या केल्या. कार्ड शोधायला ट्रंक उघडण्यापेक्षा ते सोपं होतं.

कंप्यूटरने ते नंबर घेतले नाहीत. चौकशी लागली. सरांना नोटीस आली. त्यांनी खरं ते सांगितलं, की हे नंबर टेलरच्या वहीतले आहेत. मग नोटीस काढणारे साहेब स्वतः जीपमधून आले. देह मोठा, पट्टा पोटाच्या खाली. म्हणाले, वही जमा करा. नाव, पत्ता, फोन, सगळं आयतं आहे तुमच्याकडे. नाही दिली तर दुकानाच्या लायसन्सचं बघावं लागेल.

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. हेडक्लार्क माझ्याकडे बघत होता. युसूफभाईची मशीन थांबली.

मी वही काढून टेबलावर ठेवली. म्हटलं, "घेऊन जा. पण तुम्हीही याच वस्तीत राहता. तुमचं नाव नसलं तर वही अपुरी जाईल."

साहेबांना ते पटलं. पँटही शिवायची होतीच, म्हणाले. मी टेप लावला. साहेबांनी श्वास ओढून पोट आत घेतलं. मी टेप धरून उभा राहिलो. मला घाई नव्हती.

युसूफभाईने अदबीने विचारलं, "साब, ये वही किसके पास जाती?"

साहेबांना उत्तर द्यावं लागलं. आधी कंप्यूटरवाल्यांकडे, मग आमच्या ऑफिसात, मग वर, असं सांगेपर्यंत पोट आपल्या जागी आलं. मी बोटं दाखवली. युसूफभाईने लिहिलं. नाव, हुद्दा, पत्ता, कंबर. मी वही फिरवून त्यांच्यापुढे सरकवली.

साहेबांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग खिशातून पेन काढलं आणि आपल्या कागदावर उभ्या उभ्या लिहिलं, 'सदर दुकानात कोणतीही वही आढळून आली नाही.' खाली सही केली.

कागदाची घडी घालत मला विचारलं, "पँट कधी मिळेल?"