बागेतली कोथिंबीर

बुलढाण्याची हवा चांगली, असं सगळेच म्हणतात. माझ्या वडिलांना ती मानवली नाही. आई गेल्यावर मी त्यांना चिखलीजवळच्या गावाहून माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. भाजीच्या वाफ्यांत जन्म घालवलेला माणूस दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा. अर्धी भाकर ताटात उरायची. "मले इथं करमत नाही," एवढंच म्हणायचे.

मग त्यांना कॉलनीमागची सार्वजनिक बाग सापडली. सकाळी जायचे ते जेवायलाच परतायचे आणि दोन भाकरी हाणायचे. बायको म्हणाली, "बाबा हासून राह्यले आजकाल." मीही निर्धास्त झालो.

एक दिवस ऑफिसात एकानं सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचे वडील बागेत कोथिंबीर पेरून राह्यले म्हणे?" सगळे फिदीफिदी हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी बागेत गेलो. मेंदीच्या कुंपणाशी रिकाम्या पडलेल्या वाफ्यात ओळीनं कोंब आले होते. बाबा बाकापाशी चपलेखाली धने रगडत होते, कारण धन्याच्या दोन डाळी केल्या की तो चांगला उगवतो.

"मातीत दम आहे रे, नुसती पडून होती," ते म्हणाले. त्यांच्या नखांत माती होती. मला मात्र ऑफिसातलं हसू ऐकू येत होतं.

घरी येऊन मी त्यांना सांगितलं, बागेच्या वॉचमननं तक्रार केली, पुन्हा दिसलात तर पोलिसात देतो म्हणाला. साफ खोटं. वॉचमनशी मी एक शब्दही बोललो नव्हतो. पण तलाठ्यापुढंही हात जोडून उभं राहणारा माझा बाप. "सरकारी जागा. त्याचं बरोबर आहे," म्हणाले, आणि खिशातले धने स्वयंपाकघरातल्या डब्यात नेऊन टाकले.

त्यानंतर ते जिना उतरले नाहीत. भाकर पुन्हा ताटात उरू लागली. दोन-अडीच महिन्यांत गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मी मान डोलावली.

तेरवीनंतर पाय आपोआप बागेकडं वळले. बाबा धने रगडत होते त्या संध्याकाळी वॉचमननं आम्हा बापलेकांना पाहिलं होतं. तो धावतच आला.

"बाबा काऊन येऊन नाही राह्यले हो? त्यायच्या कोथिंबिरीले धने धरले. मी रोज पाणी देतो, कोणाले हात लावू नाही देत. त्यायले सांगा."

"गावाले गेले," मी म्हणालो.

त्यालाही खोटंच सांगितलं.