भिशीतला पूर

मी जन्मभर उल्हासनगरच्या शाळेत भूगोल शिकवला. पोरांनी नकाशात हिमालय दक्षिणेला काढला तरी माझा आवाज चढला नाही. पण बदलापूरच्या एका नगरसेवकानं माझ्या भूगोलाचं जे केलं, ते आठवलं की आजही डोक्यात तिडीक जाते. प्रत्येक फ्लेक्सवर तो स्वतःला 'माननीय' लावतो, तर मीही तेच म्हणते.

माझी मोठी बहीण बदलापूर गावात नदीच्या अंगाला तळमजल्यावर राहायची. भावोजींना अर्धांगवायू झालेला, उजवी बाजू गेलेली. पूर आला तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यानं वर नेलं, आणि थोड्या वेळात पाणी त्यांच्या पलंगाच्या वर गेलं. नंतर दोघांना मी माझ्याकडे अंबरनाथला आणलं. दुसरा मजला, लिफ्ट आहे, आता राहा इथंच म्हटलं. पण ताईचा जीव तिच्या घरात अडकलेला.

त्याच नदीकाठी माननीयांच्या साडूची नवी बिल्डिंग उभी होती आणि पुरानंतर तिकडे फ्लॅट बघायला कुत्रं फिरकत नव्हतं. तेव्हा माननीयांना अचानक पर्यावरणाचा पुळका आला. विहाराच्या हॉलमध्ये 'हवामान बदल जनजागृती' ठेवली, आणि वक्ता म्हणून मला बोलावलं. ताई पहिल्या रांगेत, शेजारी व्हीलचेअरवर भावोजी.

मी सोपं करून सांगितलं. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे पुढं शंभर वर्षं सुट्टी नव्हे. डब्यात शंभर चिठ्ठ्या आहेत असं समजा, एकीवर पूर लिहिलाय. दरवर्षी एक काढायची, वाचायची आणि परत डब्यात टाकायची. यंदा पुराची निघाली तरी पुढच्या वर्षी ती डब्यात आहेच. त्यात हवा तापली की जास्त बाष्प धरते, मग पाऊस पडतो तो झोडपूनच. म्हणजे डब्यात पुराच्या चिठ्ठ्या वाढत चालल्यात. बायका माना डोलवत होत्या. मला बरं वाटलं.

माननीयांनी शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला आणि माइक धरला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"मॅडमनी एकदम सिंपल करून सांगितलं. भगिनींनो, तुम्ही सगळ्या भिशी लावता. एकदा आपली चिठ्ठी निघाली की परत निघते का? नाही ना? आपल्या पुराची चिठ्ठी निघून गेली. आता शंभर वर्षं टेन्शन नाय. हे मी नाही बोलत, सायन्स बोलतंय."

टाळ्या काय, विचारू नका. चिठ्ठी परत डब्यात टाकायची हे वाक्यच त्यानं गिळून टाकलं होतं. मी माइक मागायला उठले तर त्याच्या माणसानं राष्ट्रगीत लावलं. आता ताठ उभं राहण्यापलीकडे करणार काय?

मग नाक्यावर फ्लेक्स लागला. शाल पांघरलेली मी, आणि खाली 'शास्त्रज्ञ म्हणतात, शंभर वर्षे निर्धास्त'. मेल्यानं मला फुकटात शास्त्रज्ञ केलं. फोन करून खडसावलं तर म्हणतो, "मॅडम, फोटो मात्र भारी आलाय."

ताईनं पिशव्या भरायला घेतल्या.

"अगं, मी असं बोललेच नाही. तू समोर बसली होतीस ना?"

"मग एवढं मोठं खोटं छापतील होय?"

"फ्लेक्सवर खरं काय छापतात ते सांग आधी."

पालथ्या घड्यावर पाणी. मी पुन्हा डबा समजावला, तिनं पुन्हा भिशी समजावली. शेवटी म्हणाली, "तुला आम्हाला तुझ्या मेहेरबानीवर ठेवायचंय." हे मात्र लागलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. भावोजींना पुन्हा त्या पलंगावर निजवणार होती ती, आणि माझा फोटो दाखवून.

जायच्या आधी भावोजींच्या पेन्शनच्या कामासाठी माननीयांचं रहिवासाचं पत्र हवं होतं. मी धुसफुसत का होईना, दोघांबरोबर गेले. त्यांचं ऑफिस नाक्यावरच, रस्त्याला लागून असलेल्या गाळ्यात. बघतो तर शटर बंद, आणि त्यावर वर जाणारा बाण.

जिन्यात त्यांचा एक कार्यकर्ता मोबाइल बघत बसला होता. ताईनं विचारलं, "ऑफिस वर का नेलं रे?"

"मावशी, मागच्या टायमाला एसी, कॉम्प्युटर, सोफे, सगळं पाण्यात गेलं ना. साहेब बोलले, परत पाणी आलं तर? खाली आता झाडूपण ठेवायचा नाय. तुम्ही या ना वर. अंकलना राहू द्या खालीच."

ताई त्या जिन्याकडे बघत राहिली. मग भावोजींकडे. त्यांच्या पायावरून घसरलेली चादर तिनं नीट केली आणि व्हीलचेअर वळवली.

"अगं, पत्र?" मी म्हटलं.

"रिक्षा बघ. अंबरनाथची."

रिक्षात ती भावोजींचा लुळा हात मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, "त्या दिवशी हॉलमध्ये तुझं भाषण एकट्या त्यालाच नीट समजलं होतं गं."